गोंग हा शब्द जिथं घडतो

आमच्या जावा बेटावरून परक्यांनी साखर नेली, कॉफी नेली, मसाले नेले. ते नेलं तर नेलं. पण गोंग, म्हणजे आमची काशाची भली मोठी टांगती थाळी, हा शब्दही उचलून नेला आणि त्याच्या बापाच्या जागी भलत्याचंच नाव लावलं, हे कळल्यावर पिढीजात गोंग घडवणाऱ्या माझ्या बाबांचं डोकं असं तापलं, की त्या दिवशी भट्टीला कोळसा लागला नसता.

ही बातमी आणली रोझमंडबाईंनी. त्या लंडनच्या. इंग्रजी शब्द मूळचे कुठले, हे शोधत देशोदेशी हिंडायचं, हाच त्यांचा उद्योग. मी गावच्या शाळेत इंग्रजी शिकवते, म्हणून दुभाष्याचं काम आपसूक माझ्या गळ्यात पडलं.

"वेनिंग, तिकडे गोंग कशाला म्हणतात, विचार त्यांना," बाबा म्हणाले.

"मोठ्या घरांत जेवण तयार झालं की वाजवतात, तो गोंग," बाई म्हणाल्या. "आणि बोलण्यात, सरकारनं दिलेल्या पदकालाही गोंगच म्हणतात."

"जेवायला बोलवायला गोंग? त्या घरात हाक मारायला कुणाला तोंड नाही का?" बाबा उसळले. "आणि पदक? माझा गोंग छातीवर लावला तर शिपाई उताणा पडेल! बरं, शब्द आला कुठून म्हणतात?"

"आमच्या कोशात मूळ मलय दिलंय."

"मलय!" बाबांनी चहाचा पेला आपटला. "मलय लोकांनी तो आमच्याकडून घेतला, सांग बाईंना! शब्दाचा जन्म बघायचाय ना? उद्या पहाटे भट्टीवर घेऊन ये."

उद्याचा गोंग तिसरा होता. आधीचे दोन तडकले होते. हाही तडकला तर भट्टी कायमची विझवायची आणि काकांच्या टायरच्या दुकानात जाऊन बसायचं, असं बाबांनी आईला सांगून टाकलं होतं. पणजोबांच्या वेळेपासून पेटती असलेली भट्टी! मला तो विचारही सहन होत नव्हता.

मोठा गोंग घडवताना आमच्याकडे कुणी आपल्या नावानं राहत नाही. खरं नाव दाराबाहेर ठेवूनच आत शिरायचं. बाबा म्हणजे थोरले राजे, घण मारणारे तिघे धाकटे राजे, आणि भात्यावर बसणारे दर्मोआजोबा प्रधानजी. विस्तवाला खरं नाव कळलं, तर तो माणसाला तरी धरतो नाहीतर कामाला तरी. हे मी बाईंना नीट बजावलं होतं. त्यांनी मान डोलावली होती. मान डोलवायला काय जातंय!

पहाटे धूप झाला, नैवेद्य झाला. अंधाऱ्या भट्टीघरात कोळशातून काशाची लाद, ओतलेली जाड चकती, लालभडक होऊन बाहेर आली आणि घण सुरू झाले. धाड, धाड, धाड! बाबा चिमट्यानं लाद फिरवत होते. थंडावली की पुन्हा विस्तवात, तापली की पुन्हा घणाखाली. ती रुंदावत गेली, तिच्या कडा वळल्या. माझ्या छातीत तेच ठोके पडत होते. बाईंचं तर भानच हरपलं. मधला उंचवटा वर येताना दिसला मात्र, त्या टाळ्या पिटत ओरडल्या, "शाब्बास, कर्सिदी! शाब्बास!"

बाबांचं खरं नाव! घण हवेतच थांबले.

"ऐकलं त्यानं," म्हणत दर्मोआजोबा भात्यावरून उठले. "बाजूला व्हा सगळे. हा फुटणार."

तिघेही मागे सरले. भाता थांबला, विस्तव बसू लागला. बाबा एकटेच चिमटा धरून उभे, आणि त्यांच्यासमोर काशाचा रंग उतरत चाललेला. पहिला गोंग असाच मध्येच गार पडला आणि तडकला होता. मला बाईंचा राग आला, आजोबांचा आला, त्या विस्तवाचाही आला.

मी विस्तवाकडेच तोंड केलं आणि दारी नको तो माणूस आला की आई ओरडते, तश्शी ओरडले, "कर्सिदी घरी नाहीत हो! सासुरवाडीला गेलेत! काय काम होतं?"

मग बाबांचा आवाज आला, "तो आळशी अजून तिकडेच?"

"बायकोनं डांबून ठेवला असेल," एक धाकटे राजे फिसकन हसले.

आजोबांनी विस्तवाकडे रोखून पाहिलं. त्यांच्या मिशा हलल्या. "सासूच्या हातचं फणसाचं कालवण सोडून येतोय कशाला तो!" ते मोठ्यानं म्हणाले आणि धपकन भात्यावर बसले. "थोरले राजे, बघता काय? घाला लाद विस्तवात!"

मग जे घण पडले! दुपारी गोंग पाण्यात उतरला, भट्टीघर वाफेनं भरलं. गार झाल्यावर चौघांनी तो बांबूला टांगला. बाबांनी कापड गुंडाळलेला दांडका उचलला. मी डोळे मिटून घेतले.

आवाज आधी पायाच्या तळव्यांना कळला. मग तो पोटात शिरला, छातीत भरला आणि एकामागून एक लाटा येतच राहिल्या. रोझमंडबाईंनी भिंतीचा आधार घेतला. "अगं, हा तर स्वतःच आपलं नाव सांगतोय," त्या पुटपुटल्या. त्यांचे डोळे भरून आले होते.

बाबांना त्यांचं काही ऐकू गेलं नाही. ते गोंगला कान लावून तडा शोधत होते. शेवटची लाट विरेपर्यंत ते हलले नाहीत. मग तोंडावरची काजळी बाहीनं पुसत आजोबांकडे वळले.

"प्रधानजी, विस्तव विझवू नका. उद्या पुढची लाद ओतायचीय."