रबराचे फुगे तळू नयेत

वसईकडच्या बोळिंज गावातल्या एका शाळेत गृहशास्त्र शिकवणाऱ्या सरोजिनीबाईंना मुख्याध्यापक जयवंत सरांनी सरळच बजावलं होतं, "एआय वापरून एक तास घेऊन दाखवा. जमलं तर उत्तम, नाहीतर पुढच्या वर्षी नववी ज्ञानदा मॅडमकडे." ज्ञानदा मॅडम कॉम्प्युटरच्या. त्यांची पोळी कधी फुगत नाही, पण ते कोण बघतंय!

बाई चिडल्या. नववी म्हणजे त्यांचा जीव. पण खोटं कशाला बोला, आतून उत्सुकताही होती. हे बेणं करतं तरी काय?

शुक्रवारी सर मागच्या बाकावर येऊन बसले. बाईंनी पडद्यावर एआय उघडलं आणि मुलांना म्हणाल्या, "सांगा, काय विचारू?"

"टीचर, फुगे विचारा ना," लविना म्हणाली. "ताईच्या लग्नात करायचेत."

बाई साताऱ्याच्या, लग्न होऊन इकडे आलेल्या. वसईच्या ख्रिस्ती लग्नात रश्श्याबरोबर मैद्याचे गोल फुगे असतात, ते त्यांनी चापून खाल्लेले, पण केले कधीच नव्हते. त्यांनी विचारलं, 'फुगे कसे तळावेत?'

उत्तर आलं, 'फुगे तळू नयेत. रबर वितळून विषारी धूर होतो.'

वर्ग खो-खो हसला. सरही मिशीत हसले. बाईंना वाटलं, गेली नववी हातची.

तरी गप्प बसतील त्या बाई कसल्या! त्यांनी लिहिलं, 'अहो, खायचे फुगे. वसईचे.' यंत्राने माफी मागितली आणि लगेच कृती दिली. मैदा, अंडी, नारळाचं दूध, यीस्ट. पुरीसारखं घट्ट मळून लाटा म्हणे.

"लाटायचे?" लविना म्हणाली. "आई तर पीठ सैल ठेवते नि मुठीतून तेलात सोडते."

"मग बरोबर कोण?" सरांनी विचारलं.

दुसरं कोणी असतं तर ठोकून दिलं असतं. बाई म्हणाल्या, "मला माहीत नाही, सर. दोन्ही करून बघू."

मुलांना पिटाळून सामान आणवलं आणि दोन पातेल्यांत दोन पिठं फुगायला ठेवली. दुपारच्या सुट्टीनंतर कढई चढली, तेव्हा सर न बोलावता हजर. यंत्राचा फुगा झाला फर्मास, पण तो निघाला भटुरा. लविनाच्या आईच्या पद्धतीने भिजवलेल्या पिठाचा बाईंनी मुठीतून सोडला, तर त्याला शेपटी आली.

"मॅडम," सर म्हणाले, "फुगे त्याला येत नाहीत, तुम्हालाही येत नाहीत. नववी द्यायची कुणाला?"

"द्या कुणालाही," बाई मान वर न करता म्हणाल्या. "लविना, तू आईला फोन लाव, मी याला विचारते, शेपटी का येते. आणि सर, जरा मागे सरका, तेल उडेल."

सर सरकले. शेपटीवाला फुगा फुंकर मारत खाल्ला, मग दुसरा उचलला.

"नववी तुमच्याकडेच राहू द्या," ते म्हणाले. बाईंनी ऐकलंच नाही. त्या पडद्यावरचं उत्तर वाचत होत्या आणि वर्ग त्यांच्याभोवती गोळा झाला होता.