राजाने न लिहिलेली ओळ

मित्रांनो, मी एक जुनी दौत आहे. मातीची, काळी, वीतभरही उंच नसलेली. यरुशलेमच्या राजवाड्यात लेखनशाळेच्या कोनाड्यात मी बसते. माझ्याकडे पाहून कोणाला खरे वाटणार नाही, पण दोन राजांनी माझ्यात बोरू बुडवला आहे आणि तिसऱ्याची मी वाट पाहते आहे. त्यांची नावे मात्र मी सांगणार नाही. ज्याचा बोरू आपल्या पोटात गेला त्याचे नाव चारचौघांत घेऊ नये, अशी आम्हा दौतींची रीत आहे.

माझा जन्म दक्षिणेकडच्या खोऱ्यातल्या कुंभाराकडे झाला. मी भट्टीत होते तेव्हा माझ्या शेजारचे सतरा रांजण तडकले आणि मी नुसती खोकले. कुंभार हे कधी कबूल करत नसे, पण तो भट्टीत नव्हता, मी होते.

तिथून मला राजवाड्यात आणले ते मल्लूखने. मल्लूख हा राजाचा लेखनिक. त्याची विधवा बहीण मिल्का शाई करायची. जैतुनाच्या तेलाच्या दिव्यावर पालथी थाळी धरायची, तिची काजळी पिसाने उतरवायची, डिंकाच्या पाण्यात घोटायची आणि घोटता घोटता साऱ्या राजवाड्याला नावे ठेवायची. तिची शाई कधी फिकी पडली नाही. याचे कारण तिची जीभ, असे मल्लूख म्हणत असे.

आता आमच्याकडची एक रीत सांगायला हवी, कारण पुढचे सगळे तिच्यावरच घडले. नवा राजा गादीवर बसला की त्याने देवाच्या नियमशास्त्राची पूर्ण नक्कल स्वतःच्या हाताने करायची. याजकांसमोर आणि जमिनीवर बसून. एकेक भाग लिहून झाला की मंदिराच्या अंगणात उभे राहून तो लोकांना वाचून दाखवायचा. जे त्याने स्वतः लिहिले आणि वाचले, ते त्याच्या गळ्यात पडले. मग ते मोडले तर तिथे उभी असलेली कोणतीही म्हातारी राजाला अडवून विचारू शकत असे.

पहिला राजा लढाईतला गडी. बोरू असा धरायचा, जणू साप पकडला आहे. एका ओळीला एक दिवस लागे, आणि चुकलेले अक्षर तो स्वतः सुरीने खरवडायचा. त्याने लिहायची इतकी कातडी वाया घालवली की तो रस्त्याने निघाला की यहूदा राज्यातल्या मेंढ्या लपून बसत. हे मी डोळ्यांनी पाहिलेले नाही, पण मेंढ्यांना विचारा. ती नक्कल पुरी व्हायला सात वर्षे लागली. एकदा त्याने मल्लूखला विचारले की अक्षर कसे आले आहे. मल्लूख म्हणाला, "महाराज, देवाला ओळखू येईल." राजा इतका हसला की माझ्यातली शाई सांडली आणि त्याने ती आपल्याच बाहीने पुसली.

पण तो रोज वाचायचा. एकदा भर दरबारात त्याने एका विहिरीचा निवाडा चुकीचा दिला. दुसऱ्या दिवशी वाचताना त्याला त्याच्या हातची एक ओळ बोचली. तो तसाच उठला, ज्याच्यावर अन्याय झाला त्या माणसाच्या दारात पायी गेला आणि चुकलो म्हणाला. लोकांना वाटले राजा लहान झाला. मला आतून माहीत होते की त्या दिवशी तो रात्रभर नीट झोपला.

तो गेला आणि मुलगा गादीवर आला. मित्रांनो, इथून पुढे माझा आवाज थोडा खाली येईल.

या राजाचे अक्षर फार सुंदर होते. मोत्यांची ओळ म्हणा. तो लिहायला बसला की याजक माना पुढे काढून बघत आणि वाहवा करत. माझेही कौतुक होई. या दौतीतून काय शाई उतरते म्हणत. मी फुगले होते, खोटे कशाला बोलू. मात्र एक गोष्ट मिल्काच्या लक्षात आली. ती भावाला म्हणाली, "दादा, हा लिहितो ते वाचत नाही. लिहितो तेच बघतो."

मल्लूखने आपल्या परीने सांगून पाहिले. राजा लिहीत असताना तो जुन्या राजांच्या गोष्टी काढायचा. शौलाला देवाने एक काम सांगितले होते. त्याने त्यातले सोयीचे तेवढे केले आणि उरलेल्याची सबब सांगितली. दावीदाने त्याहून वाईट केले होते, पण संदेष्ट्याने तोंडावर सांगितल्यावर त्याने सबब सांगितली नाही, मान खाली घातली. म्हणून एकाची गादी गेली आणि दुसऱ्याची राहिली. राजा हूं हूं करायचा आणि अक्षराची वेलांटी किती बाकदार आली ते दाखवायचा.

त्याच सुमारास मिसरच्या फारोचा, म्हणजे तिथल्या राजाचा, माणूस राजवाड्यात उतरला. फारोकडे रथांचे घोडे होते, दोनशे. त्यांच्या बदल्यात त्याला माणसे हवी होती, दगड फोडणारी. राजाने तकोवा गावचे पन्नास पाथरवट द्यायचे ठरवले. यरुशलेमच्या उत्तरेची भिंत ज्यांनी बांधली तेच हे पन्नास. त्यांचा मुकादम होता याशूब, मिल्काचा एकुलता एक मुलगा.

आणि नेमके त्याच आठवड्यात राजाचे लिखाण त्या जागी आले.

त्या जागी राजाविषयीच लिहिलेले आहे. राजाने घोड्यांचा साठा करू नये. घोड्यांसाठी आपल्या माणसांना, जिथे पूर्वज गुलाम होते त्या मिसरला, पुन्हा पाठवू नये. आपले मन आपल्या भावांहून उंच होऊ देऊ नये. राजाने बोरू माझ्यात बुडवला, वर काढला आणि तो थांबला. बोरूच्या टोकावरून एक थेंब पुन्हा माझ्यात पडला. मी खूप थेंब पाहिले आहेत, पण तो थंडगार होता.

राजा म्हणाला, शाई पातळ आहे.

मिल्काने नवी घोटली. दुसऱ्या दिवशी ती घट्ट ठरली. तिसऱ्या दिवशी तिच्यात गुठळ्या निघाल्या, म्हणजे राजाला दिसल्या, बाकी कोणाला दिसल्या नाहीत. तोवर तकोव्याची माणसे नगराच्या मेंढी दरवाजापाशी आणून बसवली होती. चौथ्या दिवशी मिल्का स्वतः मला घेऊन आली, राजापुढे ठेवले आणि म्हणाली, "महाराज, घरातली शेवटची काजळी आहे. हिनं लिहिता येतं. लिहायचं नसेल तर गोष्ट वेगळी."

राजाने तिला बाहेर जायला सांगितले. मग याजकांना उन्हाची सबब सांगून घरी पाठवले. खोलीत उरले राजा, मल्लूख आणि मी.

"काका, एवढी एक ओळ तुम्ही लिहा. बाकी सगळं मी लिहितो."

"महाराज, बाकीचं सगळ्यांसाठी आहे. ही ओळ तुमच्या एकट्यासाठी आहे."

"म्हणून तर सांगतोय."

राजाचा हिशेब साधा होता. ओळ कातड्याच्या गुंडाळीत असेल, म्हणजे नक्कल पुरी. हात त्याचा नसेल, म्हणजे ती त्याच्या गळ्यात पडणार नाही. देवालाही अक्षरात पकडता येते, असे त्याला वाटले.

मल्लूखने बोरू घेतला नाही. राजा खिडकीशी गेला आणि बाहेर पाहत सहज बोलावे तसे बोलला. "माणसांची यादी अजून पक्की झालेली नाही. तुमच्या भाच्याचं नाव त्यात आहे की नाही, मला नक्की आठवत नाही."

मल्लूखचा हात माझ्याकडे आला. मित्रांनो, मला पाय असते तर मी कोनाड्यातून उडी मारली असती. पण आम्ही दौती. जो बोरू येईल त्याला शाई द्यायची. मल्लूखने राजाच्या वळणात ती ओळ लिहिली. इतकी हुबेहूब की राजाने मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी मंदिराच्या अंगणात राजाने वाचन केले. त्या ओळीशी आल्यावर त्याला खोकला आला आणि खोकला थांबला तेव्हा तो पुढच्या ओळीवर होता. संध्याकाळच्या आत पन्नासही माणसे दक्षिणेच्या वाटेला लागली, याशूब सगळ्यांत पुढे. राजाने शब्द मोडला असे म्हणता येणार नाही, कारण त्याने शब्द दिलाच नव्हता.

मिल्का त्या दिवसापासून भावाशी बोलली नाही. दोघे एका घरात राहत, एका चुलीवरचे खात, आणि मधल्या मधे भांडीच तेवढी वाजत.

पाच वर्षे कोणी मला हात लावला नाही. नक्कल पुरी झाली होती ना. गुंडाळी तागाच्या कापडात बांधून ठेवली. माझ्यातली शाई आधी आटली, मग तिच्यावर साय आली, मग ती भेगाळली. एका कोळ्याने माझ्या तोंडावर जाळे विणले. तो भला होता, पण लिहिणारा नव्हता.

बाहेर घोड्यांचे कौतुक चालले होते. लोक पोरांना खांद्यावर घेऊन तबेले बघायला येत. घोड्यांच्या जोरावर राजाने एक दिवस सरहद्दीवरची मिसरची चौकी जिंकली. फारोच्या घोड्यांनी फारोचीच चौकी. नगरात तीन दिवस झांजा वाजल्या. मिल्का अंगण झाडता झाडता थांबली आणि दक्षिणेकडे बघत राहिली.

फारोचे सैन्य जैतुनाच्या पिकाआधी आले. त्याने उत्तरेची भिंत फोडायला तिच्याखाली कोणाला उभे केले ते सांगायला नको. भिंत कुठे भरीव आहे, कुठे पाण्याच्या वाटेसाठी आत पोकळ ठेवली आहे, हे ज्यांना ठाऊक होते त्यांनाच. मागे भालाईत उभे होते, त्यामुळे नाही म्हणायची सोय नव्हती.

टाक टाक टाक. तो आवाज राजवाड्यात ऐकू यायचा. दर घावाला माझ्यातल्या सुक्या शाईचा एक पापुद्रा गळायचा. दोनशे घोडे तबेल्यात उभे राहून कान हलवत. भिंतीच्या आत घोड्यांचा काय उपयोग?

तिसऱ्या दिवशी दुपारी राजा लेखनशाळेत एकटा आला. मिल्का तिथे होती. म्हातारा मल्लूख कोपऱ्यात भिंतीला टेकून बसला होता. राजाने शाई मागितली.

"वाळलीय," मिल्का म्हणाली. "पाच वर्षं कुणी विचारलं नाही."

राजाने मला खाली घेतले. जाळे काढले. घड्यातले पाणी स्वतः ओतले आणि बोरू दिसेना म्हणून बोटानेच ढवळू लागला. बराच वेळ. त्याची बोटे काळी झाली, कपाळावरचा घाम पुसताना कपाळही काळे झाले. मग तो जमिनीवर बसला, गुंडाळी उघडली आणि मल्लूखने लिहिलेली ओळ सुरीने खरवडली. बाहेर घाव पडत होते. प्रत्येक घावाला त्याचा हात उडत होता. मल्लूखने दिलेल्या बोरूने मोत्यांच्या ओळींमध्ये ती एक ओळ वेडीवाकडी उतरली, एखाद्या पोराने लिहावी तशी.

"काका, बघा बरं. काही राहिलं का?"

मल्लूखने एकेक अक्षर बोटाने वाचले. "नाही महाराज. सगळं आहे."

राजाने मुकुट तिथेच ठेवला, जोडे काढले, मला कमरेच्या पट्ट्यात खोवले आणि गुंडाळी घेऊन तो भिंतीवर चढला. एक बाण आमच्या डोक्यावरून गेला. त्याने ती ओळ मोठ्याने वाचली. मग पुन्हा वाचली. दुसऱ्यांदा वाचताना घाव थांबले.

"तकोव्याच्या भावांनो," तो म्हणाला, "ही ओळ मी लिहायला हवी होती. लिहिली नाही. तुमच्यापेक्षा उंच बसलो आणि तुम्हाला घोड्यांच्या बदल्यात दिलं. परमेश्वरापुढं आणि तुमच्यापुढं मी दोषी आहे."

 खालून याशूबचा आवाज आला. "महाराज, आम्ही सहा जण वाळूत पुरले. त्यांना कोण वाचून दाखवणार?"

राजाने गुंडाळी मिटली. 

तो खाली उतरला आणि त्याने दरवाजा उघडायला लावला. दोनशे घोडे बाहेर काढले, सगळ्यांत पुढच्याचा लगाम हातात घेतला आणि अनवाणी चालत निघाला. दरवाजात त्याने मला पट्ट्यातून काढून मिल्काच्या हातात दिले.  फारोच्या सेनापतीपुढे जाऊन त्याने घोडे परत केले, चौकी परत केली आणि त्या चव्वेचाळीस माणसांच्या बदल्यात स्वतःला देऊ केले. सेनापती पोट धरून हसला. पाथरवटांच्या बदल्यात राजा, असा सौदा त्याला कोणी आजवर दिला नव्हता.

राजा फारोच्या सैन्याबरोबर मिसरला गेला तो परत आला नाही. काही म्हणतात, तो तिथे दगड फोडतो. मी खात्रीने सांगत नाही, आणि मी खात्री नसताना गप्प बसले असे माझ्या आयुष्यात फार वेळा झालेले नाही.

याशूब घरी आला. आईने भाकरी वाढली, त्याने खाल्ली नाही. तो उत्तरेच्या भिंतीपाशी गेला, आपण सैल केलेले दगड मोजले आणि दुसऱ्या दिवसापासून ते पुन्हा बसवायला लागला. मल्लूख रोज त्याच्यासाठी पाणी घेऊन जाई. मिल्का भावाशी पहिले वाक्य बोलली ते सात महिन्यांनी, आणि ते सुद्धा चुना कमी पडतोय एवढेच.

मित्रांनो, आता नवा राजा बसला आहे. राज्याभिषेक होऊन दोन महिने झाले. डोक्यावर तेल ओतून झाले, शिंगे वाजली, भोजने झाली. तो हुशार आहे, देखणा आहे, सगळे त्याच्यावर खूश आहेत. पण लेखनशाळेचे दार अजून कोणी उघडलेले नाही, आणि मला दुपारच्या शांततेत बसवत नाही. म्हणून तुमच्यापैकी कोणाची राजवाड्यात ओळख असेल तर त्याला एवढे सांगा. दौतीला कोरडे ठेवू नये. मिल्का थकली आहे, पण रोज सकाळी येते, पाण्याचे चार थेंब घालते आणि मला ढवळते. शाई तयार आहे. हात मात्र त्याचा त्यानेच आणायचा आहे.