मोटारीचा खांदा

आमच्या घरात मोटार सगळ्यांत जास्त कुणाला कळते असं विचारलंत, तर हे छातीठोकपणे म्हणतील, "मला." ह्यांचं नाव मी घ्यायचं नाही. शुक्रवार पेठेतल्या आमच्या दारावर 'वेणीमाधव, वकील' अशी ठसठशीत पाटी आहे, ज्याला हवं त्यानं वाचावं. मोटार ह्यांची खरी, पण ऐकायची मायाप्पाचं. मायाप्पा मूळचा मंद्रूपचा, मेंढरांमागं वाढलेला. उतारू नेणाऱ्या सर्व्हिस मोटारीवर क्लीनर म्हणून लागला आणि ड्रायव्हर होऊन आमच्याकडे आला. तो आणि त्याची बायको गोजाबाई आमच्या परसातल्या खोलीत राहायची. मोटारीला तो 'माजी बाय' म्हणायचा आणि गोजाबाईला 'अगं ए'. ह्यावरून मी त्याला पुष्कळदा छेडलं आहे.

त्या वर्षी बैलांचा सण बेंदूर झाला आणि लगेच मोटारीचं बिनसलं. मंद्रूपला आमची थोडी शेती होती, तिकडे जाताना सीना ओलांडावी लागे. पात्रातून वर येणाऱ्या चढावर आमची मोटार एरवी गुरगुरत का होईना, नेटानं चढायची. आता इंजिन नुसतं ओरडायचं आणि मोटार जागच्या जागी. मायाप्पानं खालचा गिअर टाकला तरी तेच. घाबरून तो गिअर बदलायला गेला की असा कडकडाट व्हायचा की माझ्या दाढा शिवशिवायच्या. त्याच्या हातून गिअर वाजलेला मी तोवर ऐकला नव्हता. शेवटी हे आणि मी उतरून चढ पायी चढलो, तेव्हा कुठं मोटार वर आली. मी काही हलकी बाई नव्हे. वर पोचेपर्यंत मी मोटारीला, तिच्या मालकाला आणि विलायतेतल्या तिच्या कारखान्याला, तिघांनाही बोलून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मायाप्पानं मोटारीची किल्ली ह्यांच्यापुढे ठेवली.

"सायेब, दुसरा मानूस बगा. माजा पाय गेला."

"म्हणजे?" ह्यांनी विचारलं.

मग त्यानं सांगितलं. क्लच म्हणजे कातड्यानं मढवलेलं एक कडं. ते इंजिनाच्या चाकात घट्ट रुतून बसतं, म्हणून इंजिनाचा जोर मागच्या चाकांना पोचतो. पेडल दाबलं की ते सुटतं, पाय उचलला की पुन्हा बसतं. पण पाय पुरता उचललाच नाही, तर ते अर्धवट राहतं आणि घसरतं.

"माजा डावा गुडगा पुरता वर येतच न्हाय. पाय पेडलवरच ऱ्हातोय, म्हनून ती घसरतीया. ल्हानपनी एडक्यानं धडक दिलीती, ती आता उगवली."

"अरे, मग डॉक्टरला दाखवू."

"डाक्टर पाय बदलून देत्यात व्हय?" मायाप्पा हसला, पण ते हसू बघवेना. "गावाकडं जातो. भावाची मेंढरं हायती. तितं तरी कुटल्या पायानं जानार म्हना. आन् बाईसाब, आमच्या घरातलीला ह्यातलं कायबी बोलू नगा. उगं रडत बसंल."

हे "बरं, बघू" म्हणाले. हरणाऱ्या अशिलाला ते नेमके ह्याच आवाजात "बरं, बघू" म्हणतात. मायाप्पा गेल्यावर कितीतरी वेळ ते किल्ली हातात फिरवत बसले. ह्यांचा त्याच्यावर फार जीव. माझाही होता, कबूल करायला मला लाज नाही.

पण माझ्या डोक्यात एक गोष्ट ठाण मांडून बसली होती. चढावर मोटार ओरडत होती तेव्हा मला तूप कढवल्याचा वास आला होता. तसं मी म्हटलंही, तर हे म्हणाले, "तुझ्या डब्यातून येत असेल." डब्यात भाकरी आणि शेंगांची चटणी. तुपाचा थेंबही नव्हता.

"पाय गेला की बाय बिघडली, ते आधी ठरवू या," मी म्हटलं. "कोर्टात तुम्ही पुराव्याशिवाय कुणाला फाशी देता का?"

"फाशी न्यायाधीश देतात," हे म्हणाले. पण दुसऱ्या दिवशी निघाले मात्र.

गोजाबाईला माहेरी जायचं होतंच. तीही माझ्या शेजारी मागं बसली, मांडीवर बोचकं घेऊन. कशासाठी निघालोत ह्याचा तिला पत्ता नव्हता. चढाच्या पायथ्याशी मी मायाप्पाला थांबवलं.

"खालच्या गिअरमध्ये निघ. मोटार चालायला लागली की पाय वर घे आणि मांडी घालून बस."

"मांडी?"

"पंगतीला बसतोस तशी."

आमच्या मोटारीत इंजिनाचा जोर वाढवायची एक दांडी स्टिअरिंगजवळ होती, हातानं सरकवायची. मायाप्पानं माझ्याकडे बघितलं, ह्यांच्याकडे बघितलं. मग खरंच मांडी घातली आणि दांडी ओढली. समोरून बैलगाडीवाला येत होता. देवासारखा मांडी घालून मोटार हाकणारा माणूस बघून तो गाडी थांबवून उभाच राहिला. मोटार थोडी चढली, मग इंजिनानं टिपेचा सूर लावला आणि चाकं थांबली. मायाप्पानं हातब्रेक ओढला. ह्यांनी उतरून चाकामागं दगड लावला. आणि आला, तोच तुपाचा वास आला.

"आता तुझा पाय कुठं आहे?" मी विचारलं.

मायाप्पानं खाली बघितलं. दोन्ही पाय मांडीत होते. "हितंच हाय की," तो हळूच म्हणाला. "म्हंजी बाईसाब, माजा पाय न्हाय घसरत. क्लचच घसरतोय."

त्यानं घाईघाईनं पायाखालची फळी उचलली. पेडल दाबून फटीत बोट घातलं आणि बाहेर काढलं, तर बोट पिवळंधम्मक. त्यानं वास घेतला.

"हळद? आन् तूप?"

माझ्या शेजारी गोजाबाईनं पदर तोंडाशी घेतला.

"म्या घातलं," ती म्हणाली. "बेंदराच्या आदल्या दिशी. खांदमळनी केली."

आमच्याकडे बेंदराच्या आदल्या दिवशी बैलाच्या खांद्याला, जिथं जू बसतं तिथं, तूपहळद चोळतात. वर्षभर ओझं ओढलं, त्याची ही उतराई. पण मोटारीची खांदमळणी मी जन्मात ऐकली नव्हती.

"तुमीच म्हनला न्हवं," गोजाबाई नवऱ्याला म्हणाली, "इंजनाचा समदा भार ह्या कातड्यावर, ह्योच बायचा खांदा म्हनून. आपल्या घरी बैल न्हाय. ही राबती तवा आपन खातो. मग हिचा खांदा कुनी मळायचा? तुमी त्याला थेंबभर एरंडेल लावता. सनाला एरंडेल लावत्यात व्हय? म्या वाटीभर तूप घातलं. आज आवतान घ्या, उद्या जेवाया या, असं बैलाला म्हनत्यात, तेबी म्हनलं."

हे इतके हसले की त्यांना चाकाला टेकून उभं राहावं लागलं. मायाप्पा मात्र हसला नाही. फळी हातात धरून तो बायकोकडे बघत राहिला. त्याचे डोळे भरून आले होते, ते मी बघितलं आणि मुद्दाम सीनेकडे तोंड फिरवलं.

उतारावरून मोटार मागं घेतली आणि अलीकडच्या सपाट काठानं हळूहळू घरी आणली; गोजाबाईचं माहेर राहिलं. वाटेत ह्यांनी मायाप्पानं किल्ली ठेवल्याची हकिगत हसत हसत तिला सांगून टाकली. मायाप्पानं परसात कातडं घासलेटनं पुसून काढलं, सुकवलं आणि वरून माझी अंगाला लावायची मुलतानी माती भुरभुरवली, म्हणजे पकड येते म्हणे. पकड आली. पुढच्या बाजारवारी मोटार तो चढ निमूट चढली.

पण कातडं पुसलं त्या दिवशी परसातलं बोलणं मला स्वयंपाकघराच्या खिडकीतून ऐकू येत होतं, आणि दोघं दिसतही होती. गोजाबाई माती चाळून देत होती, आणि मायाप्पाच्या जिवावरचं ओझं उतरल्यामुळं त्याला चेव आला होता.

"मोटारीचा खांदा मळलास," तो म्हणाला. "इतकी वर्सं तुज्यासंगं राबतोय, माजा कदी मळलास व्हय?"

चाळणी थांबली.

"मोटार बोलती," गोजाबाई म्हणाली. "चढाला आरडती, गिअर वाजिवती, वास मारती. तुमी? पाय गेला म्हनून काम सोडाया निगाला. सायबाला ठावं, बाईसाबला ठावं. आन् म्या शेजारी निजती, मला ठावं न्हाय."

मी हातातली पळी खाली ठेवली, आवाज नको म्हणून.

"दुखतोय का खराच?" तिनं विचारलं.

"दुखतोय की."

"कुटं?"

"हितं," तो म्हणाला, आणि धोतर गुडघ्यावर सारून त्यानं पाय तिच्यापुढं केला.