भोरडीचं वावर

दिग्रस-पुसद गाडीवर मी कंडक्टर होतो तेव्हा एकदा एक रानडुक्कर फाट्यावरून गाडीत चढलं. वयानं लहान दिसलं म्हणून मी त्याचं अर्धं तिकीट फाडलं. पुढं तपासणीवाले चढले. डुकरानं तिकीट दाखवलं, आणि चार शहाणी माणसं मात्र बिनतिकिटाची सापडली. ही गोष्ट मी देवसिंगच्या ओसरीवर किती वेळा सांगितली असेल त्याचा हिशोब नाही. दर वेळी तो मांडीवर थाप मारून हसायचा. "बाबाराव, तू मेल्यावर तुहं तोंड वेगळं जाळा लागन," म्हणायचा.

गेल्या पूस महिन्यात त्याचा पोरगा बादल गेला. तेव्हापासून मी डुकराचं नाव काढलं की देवसिंग उठून बैलांकडं जायचा. मला वाटायचं, पोरगा गेलेल्या बापाला हसणं जड जात असेल. बरोबरच आहे.

बादल शेवटच्या गाडीनं उतरला होता आणि वावरावावरातून आडवाटेनं तांड्याकडं निघाला होता. सकाळी नाल्याच्या काठी गवतात सापडला. पायाला जळाल्याची खूण. डुकरं तुरीत शिरू नयेत म्हणून कोणीतरी धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, तार ओढून तिच्यात खांबावरचा करंट सोडला होता, हे शेंबड्या पोराला पण समजत होतं. तार मात्र कुठंच सापडली नाही. नाल्याला लागून पाच वावरं. पाचही मालकांनी हात वर केले, आणि नाला तर कोणाच्याच बापाचा नाही.

मग तांड्यानं आपल्यापुरता निकाल लावून टाकला. रहेमान! रहेमान दिग्रसचा मिस्त्री, जळालेल्या पाण्याच्या मोटारी नवी तार गुंडाळून भरून देतो, आणि त्याचं वावर देवसिंगच्या वावराला लागून. 'तारेतला माणूस आहे,' एवढाच पुरावा. पण आपल्याकडं एवढ्यावर लग्नं मोडतात. लोकांनी त्याच्याशी रामराम बंद केला. मोटार बिघडली तर दारव्ह्याला नेऊ लागले, पण त्याच्याकडं नाही.

बादलची बहीण अंजू नागपूरला एका हॉटेलात कामाला आहे. तिथं पोरंपोरी कॉफी पीत टेबलावर नकाशे आणि पत्ते मांडतात आणि खोट्या खुनाचा शोध लावतात. खऱ्या खुनांचा देशात काय दुष्काळ पडला का, असं मी विचारलं होतं. बादल सापडला तेव्हा ती घरीच होती, त्याला गवतातून उचलताना जवळ उभी होती. शिमग्याच्या आधी ती पुन्हा रजेवर आली ती स्वतः बनवलेला तसलाच खेळ घेऊन. तांड्याच्या वाटेवर तिनं मला गाठलं.

"काका, मले फक्त तार कोणाची ते पाह्यजे. दुसरं काही नाही."

"अन् ते खेळात कसं भेटन?"

"तुमाले खरं विचारलं तर तुमी सारे मुके होता. खेळ म्हटलं तर एकमेकाच्या वरचढ बोलान. गाव खोटं लिहिलं, नाव खोटं लिहिलं. खुणा मात्र म्या डोळ्यानं पाह्यल्या त्याच. अन् रहेमान चाचाले बोलावलं हाये. त्याच्याच तोंडून काढते."

"अन् दुसऱ्याचं नाव निघालं तर?"

"निघू द्या. ज्याचं निघन त्याले मी ठाण्यात नेते."

मला वाटलं, मजा येईल. म्हातारपणी माणूस कशाकशाला मजा म्हणतो!

दुपारी देवसिंगच्या ओसरीवर पोतं अंथरलं. अंजूनं पुठ्ठ्यावर रंगवलेला नकाशा ठेवला. मधून निळा नाला, काठानं पाच वावरं, आणि प्रत्येकावर एकेक पाखरू: मोर, तितर, घुबड, कोतवाल, भोरडी. एका बाजूला मी, समोर रहेमान, भिंतीला टेकून देवसिंग. तो येणारच नव्हता, पण बसंतीबाई आतून म्हणाली, "बसा वो जरासक. पोरगी एवढी लांबून आली." मग बसला.

रहेमान अवघडून बसला होता. कितीतरी दिवसांनी त्याला या घरात कोणी पोतं दिलं होतं.

"कोणाचा खून झाला म्हणे?" त्यानं विचारलं.

"एका वाटसराचा," अंजू म्हणाली. "कोणत्या वावरात, ते तुमी काढाचं." आणि तिनं पहिला पत्ता टाकला.

पत्त्यावर अक्षरांच्या चार ओळी होत्या, वाचायला गेलं तर नुसता कचरा. प्रत्येक ओळीच्या डोक्यावर एक चित्र. पळसाचं फूल, निर्गुडीचा तुरा, आपट्याची शेंग, सागाचं फळ.

"मंत्र हाये का हा?" मी म्हणालो. "माह्या आज्याले असा एक मंत्र येत होता. म्हटला का विहीर चालत बैठकीत ये."

"काका, गप्पा मंग."

रहेमान डोळे बारीक करून बघत होता. "फूल दाखवलं, पान लपवलं. पानं मोजा लागन. पळसाले तीन."

"ते तर नागपूरवाल्याले पण माहीत हाये," मी म्हणालो. "आपट्याले दोन. जोडपान."

"अरे, आपट्याचं एकच पान असते, मधातून चिरलेलं!"

"दोन दिसते तर दोन! दसऱ्याले तू सोनं एक देतो का दोन?"

"निर्गुडीले पाच," देवसिंग भिंतीवरूनच म्हणाला. आमचं भांडण थांबेना म्हणून बोलला असावा. "आपटा दोनच धरा. साग एक."

पहिल्या ओळीतलं तिसरं अक्षर, दुसरीतलं पाचवं, तिसरीतलं दुसरं, चौथीतलं पहिलं. दहिवर. रहेमाननं टाळी मारायला हात पुढं केला आणि मी मारली. अंजूनं पत्ता उलटा केला. मागं लिहिलं होतं: 'मेलेल्याच्या अंगाखाली हेच होतं.'

आता माझ्यातला शहाणा जागा झाला. मी म्हणालो, "मंग तो तिथं मेलाच नाही. दहिवर पडाच्या आंधी पडला असता तं अंगाखालचं गवत कोरडं राह्यलं असतं. पहाटे कोणीतरी उचलून आणून टाकला."

"वा, बाबाराव!" रहेमान म्हणाला.

हे बोलून मी देवसिंगकडं पाहिलं, वाहवा मिळते का म्हणून. तो उंबरठ्याकडं बघत होता. त्याचा हात गुडघ्यावर होता आणि अंगठा धोतराची एकच घडी चोळत होता, चोळतच होता.

दुसरा पत्ता कोडं होतं. 'उन्हात तडकते, पाण्यात फुगते, चालणाऱ्याची चप्पल मागते. मेलेल्याच्या चपलेले हेच होतं.'

"काळी माती," रहेमान पटकन बोलून गेला. "कन्हाराची. बाकी तीन वावरं तं बरड दाखवले. म्हणजे उरले तितर अन्..." आणि त्याचं बोट नकाशावरच थांबलं. त्यानं नाल्याचं वळण पाहिलं. वळणावरची विहीर पाहिली. मग हळूच अंजूकडं पाहिलं.

"बेटा, हे गाव ओळखीचं वाटून राह्यलं."

"खेळ हाये, चाचा."

"तितर म्हणजे मी न?"

अंजूनं उरलेला पत्ता हातात घेतला. तितराला लागून भोरडी, आणि भोरडी म्हणजे देवसिंगचं वावर, हे सांगायला आता पंचांग नको होतं. पोरीनं स्वतःचं वावर पण प्रामाणिकपणे काढलं होतं, कारण ते गाळलं असतं तर नकाशा खोटा झाला असता. तिच्या मनात दुसरं काही नव्हतं. मला मात्र डुकराची गोष्ट निघाली की बैलांकडं जाणारा देवसिंग आठवला.

मी लगेच माझं गोष्टींचं दुकान उघडलं. "अंजू, हा तुहा वाटसरू विजेनं मेला. अशी एक वीज म्या नेरच्या फाट्यावर पाह्यली हाये. पुसात पडली, ढग नाही का पाणी नाही. सरळ खाली आली, एका माणसाचा पाय धरला अन् त्याले उचलून कोसभर लांब ठेवला. वर बिडी पेटवून देली."

"काका!"

"खरंच सांगतो न..."

"चूप बसा." तिचा आवाज फाटला. आयुष्यात मला खूप जणांनी गप्प बसवलं आहे, पण तेव्हा मी खरंच बसलो.

तिनं तिसरा पत्ता ठेवला. त्यावर पँटीचे दोन पाय रंगवले होते. डावा गुडघ्यापर्यंत आघाड्याच्या कुसळांनी भरलेला. उजवा साफ. एक कुसळ नाही.

या पत्त्यावर अंजूच बोलली. आता तिनं खोटं गाव सोडून दिलं होतं. "बादल असा सापडला होता. डाव्या पायाले कुसळं, उजव्याले काहीच नाही. मी पाह्यलं. याचा अर्थ तो अशा धुऱ्यावरून आला का डावीकडं आघाडा अन् उजवीकडं साफ पायवाट. असा धुरा एकच हाये, चाचा. तुमचा."

रहेमान पोत्यावरून मागं सरकला. "अंजू, म्या बादलले सायकल शिकवली. माह्या दुकानात जेवलेला पोरगा तो. मी त्याले तारेवर..." त्यानं पत्ता बाजूला सारला. "मी तार टाकली नाही. कसम कायची खाऊ, तू सांग. त्याची खातो."

"मंग तुमच्या धुऱ्यावर..."

"वाट नाही ते," देवसिंग म्हणाला.

आम्ही सगळे वळलो. तो पुढं सरकून पत्त्यावर वाकला होता. चष्मा नव्हता, म्हणून फार जवळून बघत होता.

"आघाडा असा नेम धरून लागते का? धुऱ्यावरून चालो का मधातून, दोन्ही पायाले लागते. हा पाय कोणीतरी साफ केला. बाजूले बसून, एकेक काढून."

"मेलेल्याचे कुसळं कोण काढन, बा?" अंजू चिडून म्हणाली. "ज्यानं मारलं तो पळन का कुसळं काढत बसन?"

"परका नाही काढत," देवसिंग म्हणाला.

आतलं स्टोव्हचं भुरभुरणं थांबलं.

"शाळेतून आला का पाय समोर करे माह्या," देवसिंग पत्त्यालाच सांगत होता. "बा, टोचते म्हणे. म्या दोन्ही पायाचे काढणार होतो. पण उजाडून राह्यलं होतं. बाया नाल्याकडं निघाल्या. त्यायचा आवाज आला. एकाच पायाचे झाले."

"तार?" अंजूनं विचारलं.

"माही. तुरीले लावली होती. हा दुसऱ्या दिवशी येतो म्हणाला होता, अन् त्याच रात्री निघाला. मी वावरातल्या खोपडीत होतो. रात्री धप्पकन वाजलं." तो थांबला. "म्या म्हटलं, डुक्कर पडलं. सकाळी पाहू. अन् कूस वळून झोपलो."

मी आयुष्यभर त्याला डुक्कर विकलं होतं.

"मंग तार गुंडाळली. हिरीत टाकली. त्याले खांद्यावर घेतला अन् नाल्यात नेला. नाल्याचा मालक कोणी नाही म्हणून."

बसंतीबाई चहाचे कप घेऊन दारात उभी होती. कधीपासून, माहीत नाही. तिनं ताट खाली ठेवलं नाही, पाडलं पण नाही.

"बोलला का काही तो?" तिनं विचारलं.

"नाही. थंडा झालता."

तिनं मान हलवली. मग अंजूकडं बघून म्हणाली, "भेटली न तुले तार? एक गेलता. आता हा पण ने." आणि ताट घेऊन आत गेली. आतून कप विसळल्याचा आवाज येत राहिला.

रहेमान उठून उभा राहिला होता. त्याला सुटल्याचा आनंद झाला असेल, असं मला वाटलं होतं. त्याच्या तोंडावर तसलं काही नव्हतं.

"तू मले पाहत होता, देवसिंग," तो म्हणाला. "लोकं थुंकत होते, अन् तू धुऱ्यावर उभा राहून पाहत होता."

"होतो."

"तोंड नव्हतं तुले?"

"नव्हतं."

रहेमाननं हात उगारला. मला वाटलं, मारणार. त्याचा हात वरच राहिला, मग त्यानं तो स्वतःच्याच डोक्यावरून फिरवला. बाहेर जाऊन त्यानं फटफटीला किक मारली. गाडी सुरू होईना. मिस्त्री माणूस, पण किती तरी वेळ त्याला ती सुरूच होईना.

अंजू पुठ्ठ्यावर हात ठेवून बसली होती. मी म्हणालो, "पोरी, हे आपल्यातच राह्यलं तरी चालन. मी सांगतो न लोकाईले. वीज पडली सांगतो. माहं ऐकतेत लोकं."

"रहेमान चाचाचं काय करान मंग?"

याला माझ्याकडं गोष्ट नव्हती. ती उठली. बापाच्या चपला दारातून आणून तिनं त्याच्यासमोर ठेवल्या. देवसिंगनं त्या घातल्या. रहेमानची फटफटी एव्हाना सुरू झाली होती; तिच्यावर मधे देवसिंग बसला, मागं अंजू. मी मागून आलेल्या ऑटोत चढलो.

ठाण्यात जमादार जेवण करून नुकताच बसला होता. त्यानं विचारलं, "फिर्याद कोणाची?"

"माही," अंजू म्हणाली.

"मयताची कोण?"

"बहीण."

त्यानं लिहिलं. "कोणाविरुद्ध?"

तिनं बापाकडं पाहिलं आणि नाव सांगितलं, पूर्ण, वडिलांच्या नावासकट, तांड्यासकट.

"या देवसिंगची तुम्ही कोण?"

अंजू त्याच्या पेनाकडं बघत राहिली. जमादारानं पुन्हा विचारलं. रहेमान भिंतीकडं बघत होता. मी पण तिकडंच बघत होतो.

"पोरगी हाये माही," देवसिंग बाकावरून म्हणाला. "लिहा साहेब. आता एकच हाये."