हत्तीच्या पिल्लाची शिंक

थिएटरात हत्तीच्या सिनेमाचा दुसरा भाग सुरू होतो न होतो तोच चिमीच्या आत्याच्या मनात पाल चुकचुकली. पडद्यावरचं हत्तीचं पिल्लू तिच्याच आवाजात बोलत होतं.

पहिल्या भागात त्याला आवाज तिनेच दिला होता. या वेळी मात्र तिला कुणी बोलावलंच नाही. घेतली असेल कुणी नवी मुलगी, अशी तिने मनाची समजूत घातली होती. आणि आता हे! नक्कल करणारी असेल म्हणावं, तर शेजारी बसलेला तिचा दादा पडद्याऐवजी स्वतःच्या बुटांकडे बघत होता. पहिल्या भागाचं रेकॉर्डिंग त्यानेच केलेलं. एरवी सिनेमाभर शेजारच्याचे कान खाणारा माणूस आज मूग गिळून बसला होता. तिकिटं काढतानाही त्याने केवढे आढेवेढे घेतले होते.

सिनेमा म्हणजे नुसतं पाणी घातलेलं दूध. तेच जंगल, तेच गाणं, फक्त पिल्लाला स्कूटर दिलेली. पुढच्या रांगेतली पोरं खुर्चीत उलटी बसून मागच्यांना न्याहाळत होती. दादाची चिमीही जांभया देत होती.

"आत्या, हे श्वासच घेत नाही," ती म्हणाली.

खरंच की. वाक्यामागून वाक्य, मध्ये दम म्हणून नाही. हे कुणी बोललेलंच नव्हतं, यंत्राने तिच्या आवाजातून बनवलेलं होतं. पण यंत्राला आवाज दिला कुणी?

तेवढ्यात पिल्लू शिंकलं. आधी बारीक किंकाळी, मग दणका, शेवटी "आई गं". अख्ख्या सिनेमात पोरं पहिल्यांदाच खदखदून हसली.

आत्या गार पडली. सर्दीत माइकसमोर आलेली ही तिची खरीखुरी शिंक. पहिल्या भागात ती नव्हतीच. दादाने ती कापून, घरी हसायला म्हणून, स्वतःजवळ ठेवली होती.

"तू दिलीस?"

"सिनेमावाल्यांनी तुझ्या आवाजाचा नमुना मागितला होता गं," दादा हळूच म्हणाला. "होतं नव्हतं ते सगळं दिलं. म्हटलं, ऐकतील आणि तुलाच बोलावतील. काम पक्कं झालं की सांगणार होतो."

"मग?"

"मग म्हणाले, एवढ्यावरच भागलं."

तिला संताप आला, आणि त्याहून जास्त रडू. तिचं भलं करायला जाऊन त्याने तिच्याच तोंडचा घास काढून दिला होता.

चिमी तिच्या मांडीवर सरकली. "आत्या, तू शिंक ना तशी. तेवढंच छान होतं."

आत्याने तोंड उघडलं. दादाकडे पाहिलं आणि मिटून घेतलं.

"घरी गेल्यावर," ती चिमीच्या कानात म्हणाली. "बाबा नसताना."