मधलं नाव

गाणं शिकवणाऱ्या शिवरंजनीने पेटीचा भाता ओढून काळी दोनचा सूर धरला आणि तेवढ्यात संगीताच्या खोलीच्या दारात अस्मिता येऊन उभी राहिली. जवळजवळ पळतच आली असावी, कारण ती काम करायची त्या कापडदुकानातला टेप अजून तिच्या गळ्यातच होता. सहावीतल्या जाईची ही आई. पालकसभेत शेवटच्या रांगेत बसायची, सही करायची आणि चहाला न थांबता निघून जायची. आज मात्र तिने शिवरंजनीला हाताने बाहेर बोलावलं, आणि व्हरांड्यात आल्यावर बराच वेळ तिला नुसता दमच लागत होता.

"मॅडम, वेबसाइटवरचं जाईचं नाव काढा. आत्ताच्या आत्ता काढा."

शिवरंजनीला आधी रागच आला. मुली आत सूर धरून ताटकळल्या होत्या, आणि नावांचंच म्हणाल तर त्या नावांसाठी तिने आपला अख्खा रविवार घालवला होता.

मुरुम गावच्या या शाळेला मुलींचा स्वतःचा गीतमंच होता आणि आता त्या गीतमंचाला स्वतःची वेबसाइट होती. मल्लिकार्जुन सर मुख्याध्यापक झाल्यापासून त्यांना वेबसाइटचं वेड लागलेलं. शिवरंजनीने ती कशीबशी उभी केली, गाणी चढवली, मुलींचा फोटो टाकला. तर सर म्हणाले, आता पालकांची मतं घ्या आणि सुधारणा करा. तिने पालकांच्या ग्रुपवर विचारलं. उत्तरादाखल जोडलेले हात आले, गुलाबाची फुलं आली, 'लई भारी मॅडम' आलं. काय चुकलंय ते कुणी सांगेना. मास्तरणीच्या तोंडावर तिच्या कामाला नावं ठेवायची नाहीत, एवढा शिष्टाचार या गावात अजून शिल्लक आहे. जे बोलायचं ते लोक घरी जाताना रस्त्यात बोलतात.

म्हणून तिने वेबसाइटवर सूचनांसाठी एक चौकट केली. नाव न घालता लिहा, काहीही लिहा. मुलींनाही सांगितलं, घरी कळवा. ही युक्ती तिची स्वतःची होती आणि तिचा तिला अभिमानही वाटत होता, कारण मग लोकांनी तोंड उघडलं. फोटो काळपट आहे, पेटीच्या आवाजात पोरी ऐकूच येत नाहीत, असं धडाधड येऊ लागलं. सगळ्यांत जास्त तक्रार बापांची होती. फोटोखाली नुसतं 'महेश्वरी, सातवी' लिहिलंय, पण महेश्वरी कुणाची? बापाचं नाव नको का? बरोबरच होतं ते. रविवारी तिने हजेरीपट समोर घेतला आणि प्रत्येक मुलीचं नाव पुरं केलं: मुलीचं, वडिलांचं, आडनाव. बाप मंडळी खूश झाली.

"अहो, पण झालं काय?" तिने विचारलं.

अस्मिताने आपला फोन पुढे केला. ढोकीच्या तिच्या नणंदेने गीतमंचाचं गाणं स्टेटसला ठेवलं होतं. वर 'आमची चिमणी' असं लिहिलं होतं आणि खाली फोटोतली नावांची ओळ होती. तिच्यात जाई अंबादास कोळगे हे नाव अगदी ठळक दिसत होतं.

मग अस्मिताने थोडक्यात सांगितलं, तेही जमिनीकडे बघत. नवऱ्याशी पटेना म्हणून ती ढोकीचं सासर सोडून माहेरी लोहाऱ्याला आली होती. जाईला तिथल्याच शाळेत घातलं. एक दिवस शाळा सुटताना अंबादास मोटारसायकल घेऊन आला आणि पोरीला पुढे बसवून घेऊन गेला. कुठे ठेवलं, कुणी सांगेना. महिना लोटल्यावर चार मोठी माणसं मध्ये पडली तेव्हा पोर परत मिळाली. त्यानंतर ती मुरुमला आली, जिथे तिचं नात्याचं कुणीच नव्हतं. माहेरच्यांनाही तिने शाळेचं नाव सांगितलं नव्हतं.

"मारतात का ते जाईला?"

"न्हाय हो. लई जीव लावतात." अस्मिताने पदर तोंडाशी धरला. "मारत न्हाईत, मॅडम. नेतात."

शिवरंजनीचा राग कुठल्या कुठे गेला. काल संध्याकाळी चौकटीत एक सूचना आली होती, बिननावाची. प्रॅक्टिस किती वाजता सुटते ते पण टाका, म्हणजे घरच्यांना यायला बरं पडेल. किती साधी, किती उपयोगाची सूचना, म्हणून तिने दहा मिनिटांत ती अमलात आणली होती. 'दर शनिवारी सकाळी साडेदहाला सुटते.' आज शनिवार होता.

हे सांगूच नये, असं तिला क्षणभर खरंच वाटलं. वेळ गुपचूप पुसून टाकावी, कुणाला कळणार आहे? पण समोरच्या बाईचा चेहरा बघवत नव्हता. तिने सांगून टाकलं. अस्मिताने तिला एका शब्दाने दोष दिला नाही, फक्त भिंतीला हात टेकला. शिव्या दिल्या असत्या तर शिवरंजनीला बरं वाटलं असतं.

वेळेची ओळ तिने तिथेच उभ्या उभ्या फोनवरून काढली. फोटोखालची नावं फोटोतच छापलेली होती, ती काढायला ऑफिसातला कॉम्प्युटर लागणार होता. तिने शिपाई हरिबाला हाक मारून गेट लावायला सांगितलं. जाईला न्यायला कुणीही आलं, अगदी बाप म्हणून आलं, तरी आत सोडायचं नाही, असं दोनदा बजावलं. मुलींना आत्ताच घरी पाठवणं बरोबर नव्हतं. बाहेर कोण उभं असेल, काय सांगावं? त्यापेक्षा गाणं चालू ठेवलेलं बरं. अस्मिता दाराआडच्या सतरंजीवर बसली. पुढच्या ओळीतल्या जाईने आईकडे एकदा पाहिलं आणि नजर खिडकीकडे वळवली.

त्या दिवशी शिवरंजनीची बोटं पेटीवर कधी नव्हे एवढी अडखळली. अंतरा दोनदा चुकला, मुली एकमेकींना कोपरखळ्या मारू लागल्या. ती गेटकडे बघत होती, अस्मिता जाईकडे बघत होती. आणि जाई गात होती, अशी की बाकीच्यांचा आवाज तिच्या मागे ओढला जात होता. एरवी वरच्या पट्टीत दबकणारी ही पोर आज एकदम मोकळी सुटली होती. दुसऱ्या कुठल्याही दिवशी शिवरंजनीला आनंद झाला असता.

साडेदहा व्हायला आले आणि गेटवर मोटारसायकल थांबली.

तोंडाला रुमाल बांधलेला माणूस उतरला. हरिबा आडवा झाला. आवाज चढले. अस्मिता उठली आणि जाईच्या शेजारी जाऊन उभी राहिली, गाणाऱ्या मुलींच्या मधोमध. शिवरंजनी पेटी तशीच टाकून मैदान ओलांडून गेली.

रुमाल सुटला तेव्हा आतून बाजारात आडतीचा धंदा करणारे गौरीशंकर निघाले, सातवीतल्या महेश्वरीचे वडील. आयुष्यात पहिल्यांदा लेकीला न्यायला आले होते, ते वेबसाइटवर वेळ वाचून, आणि हरिबाने त्यांना रुमाल काढून बापाचं नाव सांगायला लावलं होतं. त्यांचं म्हणणं होतं, कामधंदा सोडून येऊन सुद्धा असा मान मिळणार असेल तर पुन्हा येणार नाही. शिवरंजनीने हात जोडून माफी मागितली. तिला हसू येत होतं आणि रडूही येत होतं.

दुसरं कुणीच आलं नाही. अकरा वाजून गेले, मुली पांगल्या, रस्ता रिकामाच राहिला. अस्मिता व्हरांड्यात दुकानाच्या मालकाला फोन करून उशिराचं कारण सांगू लागली. आत जाई पेटीवर कापड घालत होती.

"मॅडम," ती हळूच म्हणाली, "वेबसाइटवरचं ते टाइम सगळीकडं दिसतंय ना? ढोकीला पण?"

शिवरंजनी तिच्याजवळ गेली.

"तू लिहिलंस का ते? सूचनांच्या चौकटीत?"

जाईने मान डोलावली. "नाव न घालता लिहा, तुम्हीच म्हणला होता की. आईच्या फोनवरनं लिहिलं. पप्पांचं नाव आलं फोटोत, मग मला वाटलं, आता त्यांना शाळा घावली, पण टाइम न्हाय कळणार." तिने कापडाची सुरकुती उगाच सारखी केली. "त्यांनी फक्त गाणं ऐकायला यावं म्हणून. मी काय जाणार न्हवते त्यांच्यासंगं."

ती सूचना अंबादासची नव्हती म्हणून शिवरंजनीला सुटल्यासारखं वाटलं आणि लगेच त्याची लाज वाटली. दारात हालचाल झाली म्हणून तिने वर पाहिलं. अस्मिता फोन बंद करून तिथे उभी होती. किती वेळची उभी होती, तिच्या चेहऱ्यावरून कळत होतं.

"चप्पल घाल," ती जाईला म्हणाली.

जाई बाहेर गेली. शिवरंजनीने ऑफिसची किल्ली उचलली. ऑफिस उघडतेच, पाच मिनिटांत नाव काढून टाकते, असं ती सांगू लागली. अस्मिताने गळ्यातला टेप काढला, बोटांभोवती गुंडाळला, पुन्हा सोडला.

"राहू द्या," ती म्हणाली.

"नाव?"

"व्हय. ऐकू द्या त्यांना गाणं." मग टेप पुन्हा गळ्यात अडकवत, "टाइम तेवढं टाकू नका, मॅडम."

शिवरंजनी त्यांना सोडायला गेटपर्यंत गेली. हरिबाने कडी काढली. मायलेकी बाहेर पडल्या आणि रस्त्याच्या कडेला थांबल्या. अस्मिताने जाईचं मनगट घट्ट धरलं होतं. दोघींनी आधी उमरग्याच्या बाजूला पाहिलं, मग दुसऱ्या बाजूला पाहिलं, आणि तो कुठेच नाही हे दिसल्यावर दोघी घराकडे चालू लागल्या.