दिव्यांचं अस्तर

अध्यक्षांनी टेबलाच्या कडेवरून हात फिरवला, खाली वाकून पाय बघितले आणि हिरमुसून म्हणाले, "हे तर नवीनच वाटतंय."

तिला आधी ती शाबासकीच वाटली. ते वाचनालयाचे अध्यक्ष. ती टाकाऊ सामानातून फर्निचर आणि दिवे घडवणारी. पाडलेल्या शाळेचे दरवाजे तिने आणि तिच्या दिराने मिळून तासले होते. कडी-कोयंड्यांची भोकं लाकडाने बुजवली होती. वाचणाऱ्याच्या मनगटाला टोचू नये म्हणून कडा गोल केल्या होत्या.

"अहो, लोकांना कळणार कसं, भंगारातून केलंय ते?" अध्यक्ष म्हणाले. "एखादी कडी तरी राहू द्यायची."

"कडीत बाही अडकते."

ते अध्यक्षांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि वर पाहिलं. छताला वॉशिंग मशीनचे जुने पोलादी ड्रम तोंड वर करून टांगले होते. या ड्रमांनी तिला रडकुंडीला आणलं होतं. वर्कशॉपमध्ये पहिला दिवा लावला, तेव्हा भोकाभोकांतून उजेडाचे ठिपके भिंतीभर सांडले. दीर खूश झाला. तिने मात्र खाली पुस्तक धरलं, तर पानाला गोवर आल्यासारखा. दोन ओळींत डोळे शिणले. मग कागद लावून झाला, प्लास्टिक लावून झालं. शेवटी कुणीतरी टाकलेल्या पडद्यांचं पांढरं कापड आतून ताणून बसवलं, तेव्हा कुठे उजेड शांत झाला.

"ते कापड काढा," अध्यक्ष म्हणाले. "ड्रम आहेत हे दिसतच नाही. उद्घाटनाला फोटो काढणारे येतील."

"ठिपक्यांत वाचता येत नाही."

"सवय होईल हो. माणसाला कशाचीही सवय होते."

अध्यक्ष गेल्यावर ती तिथेच खुर्चीवर बसली. "मी नाही काढणार."

"वहिनी, मालक म्हणेल ते करायचं," दीर म्हणाला. "सोळा आणे तुमचं खरं. पण इथे हुज्जत घालून काम हातचं घालवायचं का?"

"मालक ते नाहीत, भाऊजी. मालक इथे येऊन बसणारे."

"मग त्यांना विचारून या."

कापडं शेवटी दिरानेच काढली. तिने खाली शिडी धरली.

उद्घाटन झोकात झालं. पाहुणे माना वर करकरून बघत होते, फोटो निघत होते. तिचंही कौतुक झालं. पुस्तक मात्र कुणीच उघडलं नाही.

पुढच्याच आठवड्यात वाचकांच्या तक्रारी सुरू झाल्या. ग्रंथपालांनी फोनवर ते सांगताच तिला मनातून बरं वाटलं. काढलेल्या कापडांची पिशवी घेऊन ती तशीच निघाली. जाऊन बघते तर वाचनकक्षाच्या छताला कोऱ्या करकरीत ट्यूबलाइट, आणि तिचे ड्रम बाहेर जिन्याजवळच्या बोळात.

"कापडं परत लावणं अर्ध्या दिवसाचं काम होतं," ती अध्यक्षांना म्हणाली. "मला एकदा विचारायचं तरी."

"तुम्हाला कशाला त्रास? आणि बघा ना, आता किती उठून दिसतायत."

दिसत होतेच. बाळाला कडेवर घेऊन एक बाई बोळात थांबली होती आणि बाळ तिच्या गालावरचा ठिपका बोटाने पकडू बघत होतं. सुंदर होतं ते. ते बघूनच तिचा राग आणखी वाढला. जे जमलं नाही म्हणून तिने झाकलं होतं, त्याचीच वाहवा. ज्यासाठी जीव आटवला, ते मुसळ केरात.

उद्घाटनाच्या त्या फोटोंवरूनच एका दवाखान्याचा फोन आला. बाहेरच्या बसायच्या जागेत त्यांना 'ते ठिपक्यांचे दिवे' हवे होते. दिराने खुणेनेच सांगितलं, हो म्हणा. ती म्हणाली, "आधी येऊन बसतो. पेशंट असतात त्या वेळी."

दोघं सकाळभर पेशंटच्या रांगेत बसली. दीर चुळबुळत होता. समोर तापाने फणफणलेल्या मुलीला तिचे आजोबा दोन खुर्च्यांवर निजवू पाहत होते. खुर्च्यांचा मधला हात मुलीच्या बरगडीत रुतत होता. शेवटी त्यांनी तिला मांडीवर घेतलं आणि पाय अवघडले तरी तसेच बसून राहिले. तिने पर्समधून टेप काढली आणि भिंत मोजायला घेतली.

दवाखान्याचे व्यवस्थापक आले. "दिव्यांची जागा ठरली?"

"आधी आडवं होता येईल असं बाक हवं. जुन्या दारांचं करू. या भिंतीला सलग."

"बाक फोटोत काय दिसणार?"

"काहीच नाही. त्यावर माणूस निजलेला असेल."

व्यवस्थापकांनी दिराकडे पाहिलं. दिराने क्षणभर छताकडे बघितलं, मग म्हणाला, "वहिनी म्हणतात ते करा. मीही सकाळपासून या खुर्च्यांवर बसलोय."

संध्याकाळी निरोप आला: बाक करा, पण दिवे हवेतच, आणि ठिपक्यांचेच.

तिने कपाळाला हात लावला. ज्याला त्याला ठिपकेच हवेत. तिने व्यवस्थापकांना फोन लावला.

"दाराबाहेर लावीन," ती फोनवर म्हणाली. "आजाऱ्याच्या डोळ्यांवर नाही. कबूल असेल तर बोला."

व्यवस्थापक नाइलाजाने म्हणाले, "बरं, दाराबाहेर."

तिने फोन ठेवला आणि दिराला दारं शोधायला पाठवलं.